पातेल्यातला बाळकृष्ण
“अगं, घरात प्यायला थेंब नाही आणि शेवटच्या पातेल्यात तू देव बुडवलेस?” बाबा असे ओरडले की दिवा स्टेशनजवळच्या आमच्या घरातून निघालेला आवाज मुंब्र्याच्या डोंगराला आपटून परत आला असेल. टँकर आलाच नव्हता, आणि धाकटी बहीण डेंग्यूने कल्याणच्या हॉस्पिटलात बेशुद्ध पडलेली. ती बरी होईपर्यंत देव पाण्यातून निघणार नाहीत, असं आईने ठरवलेलं. आत एकालाच बसू देत, म्हणून मामा तिथे थांबलेला. त्याचा फोन आला की तळाला टेकलेल्या बाळकृष्णाला आई अजून खाली दाबायची. गणपतीच्या सोंडेला सुरकुत्या पडलेल्या मी स्वतः बघितल्यात. घसे कोरडे पडले, पण त्या पातेल्याला हात लावायची बाबांचीही छाती झाली नाही. शेवटी बहिणीने डोळे उघडले. आजही पितळी देव दिसले की मला आधी तहान लागते, मग आईला तेव्हा विचारलेलं आठवतं, “देवाने वाचवलं म्हणतेस, मग आजारी कोणी पाडलं?” बाळकृष्णाला पदराने पुसत ती म्हणाली, “त्यानेच. म्हणून तर बुडवलेला.”