अहो, गोळी घेतली का?

अमेरिकेचं आर्थिक धोरण काय असावं हे मला पक्कं माहीत आहे. अडचण एवढीच, की अमेरिकेनं मला अजून विचारलेलं नाही.

म्हणून मी न विचारता सांगतो. आमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत माझी मतं ऐकली नाहीत असं मराठी घर उरलेलं नाही. (मला पुन्हा जेवायला बोलावलंय असंही फारसं उरलेलं नाही.) आयात कर मुळीच नसावा, कारण तूरडाळ महागते. इन्कम टॅक्स कमी असावा, निदान माझा. इमिग्रेशन कडक हवं. आम्ही जसं ग्रीन कार्डाच्या रांगेत तरुणपण घालवलं, तसं सगळ्यांनी घालवावं. फक्त माझ्या पुण्याच्या पुतण्याला लगेच आत घ्यावं, कारण तो फार हुशार आहे. आणि सरकारनं उधळपट्टी ताबडतोब थांबवावी. आमच्या घरासमोरचा खड्डा बुजवून झाला की त्याच दिवशी! एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असतानाही मी सरकारी खर्चावर बोललो होतो. त्यानं त्या दिवशी भूल जरा जास्तच दिली, असं माझ्या बायकोला, म्हणजे सुनंदाला, वाटतं. ती त्याला दोष देत नाही.

तर आमची केतकी मिशिगनमध्ये नोकरी करते. तिथं तिनं रोहन नावाचा मुलगा पसंत केला, आणि तोही मराठी निघाला. आम्हाला आकाश ठेंगणं झालं. रोहनचे आईवडीलही मिशिगनमध्येच, नोव्हाय नावाच्या गावात राहतात. वडील श्रीकांतराव मोटारींच्या कारखान्यात ब्रेकचे इंजिनियर होते, आता रिटायर झालेत. आई वैशालीताई डॉक्टर, त्याही म्हाताऱ्यांच्या आजारांच्या. त्यांनी आम्हाला वीकेंडला बोलावलं. सगळं जमलं तर साखरपुड्याची तारीख तिथंच ठरणार होती.

केतकीचा फोन आला तेव्हा ती आधी आईशी बराच वेळ बोलली. मग फोन माझ्याकडे आला. ती म्हणाली, "बाबा, चार विषय बंद. टॅरिफ, टॅक्स, इमिग्रेशन आणि गव्हर्नमेंट स्पेंडिंग. प्लीज. आय रिअली लाइक हिम."

मी म्हटलं, मग मी हवेवर बोलू का? तर म्हणे हवेवर बोला, पण हवेवरून बर्फावर आणि बर्फावरून तो उचलायच्या खर्चावर जाऊ नका. पोरीनं बापाला बरोबर ओळखलंय.

पण तिचा तो शेवटचा शब्द मनाला लागला. ही पोरगी लहानपणापासून कधी काही मागणारी नाही. मी शपथ घेतली, एक शब्द काढणार नाही. सुनंदाचा माझ्या शपथांवर विश्वास नसल्यामुळे तिनं एक खूण ठरवली. माझी गाडी त्या चार विषयांकडे वळतेय असं दिसलं की ती विचारणार, "अहो, गोळी घेतली का?" आणि मी जिथं असेन तिथं थांबायचं. मी कुठलीच गोळी घेत नाही. पण या वयात नवऱ्याला गोळीचं विचारलेलं कुणालाच खटकत नाही, असं तिचं म्हणणं.

न्यू जर्सीहून आम्ही शुक्रवारी गाडीनंच निघालो आणि वाटेत मुक्काम करून शनिवारी सकाळी पोचलो. आमची गाडी जपानी. नोव्हायच्या त्या शांत गल्लीत ती शिरली तेव्हा आजूबाजूला सगळ्या दारांत अमेरिकन गाड्या उभ्या होत्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. श्रीकांतराव स्वागताला बाहेर आले, त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. ते काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागोमाग आलेल्या वैशालीताईंनी ताटलीतला बेसनाचा लाडू त्यांच्या हातात दिला. "अहो, लाडू घ्या ना." त्यांनी तो मुकाट्यानं तोंडात टाकला. अंगणातच लाडू! मला तर ही पद्धत आवडली.

पोहे आले. केतकी रोहनच्या शेजारी बसली होती आणि माझ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. रोहननं आपुलकीनं विचारलं, "काका, ड्राइव्ह कशी झाली?" मी म्हटलं, छान झाली, रस्तेही छान होते, नाही तर आमच्याकडे रस्त्यांवर जो पैसा...

"अहो, गोळी घेतली का?"

मी थांबलो आणि "घेतली" म्हणालो. मग पोहे फार चांगले झालेत असं म्हणून मी सावरलं. वैशालीताई म्हणाल्या, इथल्या दुकानातले जाड पोहे चांगले मिळतात, भाव मात्र वाढलेत. आता भाव का वाढलेत हे मला माहीत आहे! मी सुरुवात केली, "त्याचं कारण असं की..." आणि सुनंदानं गोळी विचारली. मी वाक्य तिथंच सोडून छताकडे बघत बसलो. पुतण्याचा विषय निघाला, तो इकडं कधी येणार असं वैशालीताईंनी विचारलं, मी म्हटलं, "तो केव्हाच आला असता, पण..." पुन्हा गोळी. शेवटी मी क्रिकेटवर आलो. म्हटलं, इथल्या टीममध्ये सगळी आपलीच पोरं, बिचारी व्हिसावर... गोळी!

क्रिकेटमध्येही इमिग्रेशन निघेल हे मला काय ठाऊक! या देशात सरळ, निरुपद्रवी असा विषयच शिल्लक नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

समोर श्रीकांतराव. त्यांच्याशी बोलावं म्हटलं तर तो माणूस फक्त खात होता. मी एखादं अर्धं वाक्य बोललो की ते पुढं सरसावत, त्यांचे ओठ हलत आणि वैशालीताई लाडू पुढे करत. मला मनातून त्यांची दया आली. माणूस सज्जन आहे, पण मतं म्हणून नाहीत आणि गोडावर ताबा म्हणून नाही. जेवणानंतर वरच्या खोलीत जरा पडायला गेलो तेव्हा मी सुनंदाला म्हटलंही, यांना शुगर असणार बघ. ती म्हणाली, असू दे, तुमचं झकास चाललंय. लग्नानंतर इतकं कौतुक तिनं माझं कधी केलं नव्हतं.

खाली मात्र वेगळंच शिजत होतं. वैशालीताईंनी सकाळपासून काय पाहिलं? हा गृहस्थ वाक्य सुरू करतो आणि मध्येच हरवतो. छताकडे बघतो. बायकोला त्याला पुन्हा पुन्हा गोळी विचारावी लागते. तो दर वेळी "घेतली" म्हणतो आणि बायकोचा त्यावर विश्वास नाही. आयुष्यभर म्हाताऱ्यांना तपासलेल्या बाईंना आणखी काय हवं!

चारच्या चहाला मी खाली आलो. सुनंदा मुलांबरोबर मागच्या अंगणात होती. वैशालीताईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि फार मायेनं विचारलं, "मुकुंदराव, आज वार कोणता?"

मी म्हटलं, शनिवार. त्यांना खूप आनंद झाला. मग आपण कुठल्या गावात आहोत असं विचारलं. मी म्हटलं, नोव्हाय. तोही आनंद. मला वाटलं, गप्पा मारायला विषय नाहीत बिचाऱ्यांकडे. शेजारी श्रीकांतराव लाडूची ताटली जवळ ओढून आमच्याकडे पाहत होते.

"आणि सध्या आपले राष्ट्राध्यक्ष कोण आहेत?"

माझा कप ओठांशीच थांबला. हा सापळा आहे, हे मी ताबडतोब ओळखलं. पोरीनं सासूला सांगून ठेवलं असणार, बाबांची परीक्षा घ्या. त्याच वेळी मागचं सरकतं दार उघडून केतकी आत येत होती. मी तिच्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हटलं, "मला त्यातलं काही माहीत नाही."

वैशालीताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "बरं. आणि त्यांच्या आधीचे?"

"त्यांच्याबद्दल तर अजिबातच नाही."

"असू दे, असू दे. आता शंभरातून सात काढा बघू."

शंभरातून सात काढा! म्हणजे सरळ सरकारी खर्चाची कपात! यावर माझं आकड्यांसकट मत तयार आहे, ते घशापर्यंत आलं होतं. पण समोर पोरगी उभी होती. मी म्हटलं, "आपण कोण काढणारे? ज्यांचे आहेत त्यांनी ठरवावं."

वैशालीताईंनी हळूच मान हलवली. मी मात्र आतून इतका खूश होतो, की केतकीला डोळा मारला. तिनं आईकडे पाहिलं. तिच्या मागोमाग सुनंदा आणि रोहन आत आले होते आणि तिघांचेही चेहरे उतरले होते.

वैशालीताईंनी सगळ्यांना बसवलं. त्या बाईंचा स्वभाव खरंच सोन्यासारखा. एक शब्द कठोर नाही. म्हणाल्या, आपण आता एक कुटुंब आहोत, लपवण्यासारखं काही नाही. साखरपुडा जरा पुढे ढकलू. आधी मुकुंदरावांना चांगल्या स्पेशालिस्टकडे नेऊ. केतकीनंही वडिलांजवळ राहायचं का, ते ठरवावं.

केतकी उठली आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. "बाबा, आर यू ओके? मला का नाही सांगितलं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी इतकं शहाण्यासारखं वागलो होतो आणि त्याचं हे फळ? पोरीचं लग्न माझ्या गप्प बसण्यानं मोडायची वेळ आली होती. इतकी वर्षं ते माझ्या बोलण्यानं मोडेल म्हणून आम्ही घाबरत होतो! आणि शपथ तर तिच्यासाठीच घेतलेली. मी हवालदिल होऊन सुनंदाकडे पाहिलं.

सुनंदा खुर्चीवरून उठली. "अहो, बोला."

"काय बोलू?"

"काहीही. टॅरिफवर बोला."

हे वाक्य माझ्या बायकोच्या तोंडून मी या जन्मी ऐकेन असं वाटलं नव्हतं. मी केतकीकडे पाहिलं. तिनं नाक पुसून मान हलवली.

आणि मी बोललो. सध्याचे राष्ट्राध्यक्ष, त्यांच्या आधीचे, त्यांच्याही आधीचे, सगळे नावांनिशी घेतले. शंभरातून सात, त्यातून सात, असं खाली खाली येत प्रत्येक सातला कोणतं खातं बंद करायचं तेही सांगितलं. पोह्यांचे भाव घेतले. पुतण्या घेतला. आयात कर हा गिऱ्हाईकाच्या खिशातला हात आहे आणि तो लावणारा आणि त्याला टाळ्या वाजवणारा दोघेही...

श्रीकांतरावांनी हातातला अर्धा लाडू ताटलीत परत ठेवला.

"वैशाली, आता मला थांबवू नकोस," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमची ती जपानी गाडी सकाळपासून माझ्या दारात उभी आहे. सकाळपासून मी लाडू खातोय!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनाही तेच चार विषय बंद होते! रोहननं आईला सांगून ठेवलं होतं. श्रीकांतरावांच्या मते आयात कर आणखी हवा, दुप्पट हवा, तो नव्हता म्हणून त्यांच्या हाताखालची चांगली चांगली माणसं घरी बसली. मी म्हटलं, तुमचे ब्रेक महाग होते म्हणून. ते म्हणाले, माझे ब्रेक लागायचे, तुमच्या तोंडाला आहेत का? आम्ही दोघे उभे राहिलो, टेबलाभोवती फिरलो, अंगणात गेलो, माझ्या गाडीचं बॉनेट उघडून भांडलो. शेजारचे गोरे आजोबा कुंपणाशी येऊन ऐकू लागले. मराठीचा एक शब्द न कळताही ते श्रीकांतरावांच्या बाजूनं मान हलवत होते, कारण त्यांची गाडीही अमेरिकन होती.

अंधारून आलं तेव्हा आम्ही आत आलो. घसा बसला होता, पण इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. श्रीकांतरावांनाही वाटलं नसावं; त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून रात्री जेवणात तिखट काहीतरी करा म्हणून सांगितलं. वैशालीताई इतका वेळ दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझं सगळं, अगदी शेवटपर्यंत, लक्ष देऊन ऐकलं होतं. असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. मी आशेनं विचारलं, "मग तुमचं काय मत?"

"मी मुद्दे ऐकत नव्हते हो," त्या म्हणाल्या. "जीभ अडखळते का ते बघत होते." मग केतकीला जवळ घेऊन म्हणाल्या, "बाबांची स्मरणशक्ती ठणठणीत आहे बाळा. बाकीचं आम्ही सांभाळून घेऊ."

साखरपुड्याची तारीख त्याच रात्री ठरली, आणि तो ठरल्या दिवशीच झाला. आता दर रविवारी व्याह्यांचा फोन येतो आणि आम्ही अमेरिकेचा कारभार पुन्हा पहिल्यापासून हाती घेतो. सरकारनं अजून आमचं काही ऐकलेलं नाही. विहीणबाईंनी मात्र एका रविवारी मागून माझा आवाज ऐकला आणि माझं बीपी तपासून घ्यायला लावलं, ते वाढलेलं निघालं आणि खरीखुरी गोळी सुरू झाली. आता फोन ठेवला की सुनंदा विचारते, "अहो, गोळी घेतली का?"

आणि मी डबी शोधायला लागतो, कारण घेतली की नाही ते मला खरंच आठवत नसतं.