काळ्याची फुगडी

ती जायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात कुत्र्याबरोबर फुगडी खेळली आणि मी बाजेवर बसून टाळ्या वाजवल्या. रोजचंच होतं ते. माझे गुडघे गेल्यापासून बायकोनं काळ्यालाच जोडीदार केलं होतं. त्याचे पुढचे पाय धरून, कमरेत वाकून ती गोल फिरायची.

"अहो, तुमच्यापेक्षा हा बरा. पाय तरी उचलतो."

"त्याला चार आहेत. दोन तुला दिले तर काय बिघडलं?"

टीव्हीवर दाखवतात, कुत्र्याबरोबर नाचायच्या स्पर्धा असतात, कप मिळतो. हिला कसला कप! फुगडीत माणूस मागं रेलतं ते समोरच्यानं धरलंय या भरवशावर. कुत्र्यापुढं रेलता येत नाही, आपणच वाकावं लागतं. ती वाकायची. आता मला रेलायला कुणी नाही.

ती झोपेतच गेली. दुपारी अग्नी देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळ्या अंगणात दाराकडं तोंड करून मागच्या पायांवर उभा राहिला. हाकललं, तरी हलेना. मग काठी भिंतीला लावली, वाकलो आणि त्याचे पाय हातात घेतले.

शेजारीण ओरडली, "आबा, सुतक आहे!"

"याला कोण सांगणार?" म्हटलं, आणि जमेल तसा फिरलो.