बिंदुअण्णांनी न बदललेला चष्मा

चिकपेटेत बिंदुमाधवांचं चष्म्याचं छोटंसं दुकान होतं. घराणं तीनशे वर्षांपासून बेंगळुरातलं, त्यामुळे घरात मराठी आणि गिऱ्हाइकांशी कन्नड. सगळी पेठ त्यांना बिंदुअण्णा म्हणे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच, पण डोळ्यांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे त्यांनी दहा वर्षं काचा घासल्या होत्या. कोणत्या दुखण्यावर काच चालत नाही, हेही ते तिथेच शिकले.

१९५७च्या दसऱ्याआधी विमानाच्या कारखान्यातला पद्माकर बायकोला घेऊन दुकानात शिरला. तो पुण्याहून बदलून आलेला. आठवडाभर डोकं दुखत होतं म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच शुभदाने इथून चष्मा नेला होता.

"अहो, तुमचा नंबर चुकलाय! हिचं डोकं एक दिवस थांबलेलं नाही. काचा बदलून द्या."

अण्णांना हे झोंबलं. त्यांनी नंबर पुन्हा तपासला. बरोबर होता. मग त्यांनी शुभदाकडे नीट पाहिलं. उजेड सहन होत नसल्यासारखी ती डोळे मिटून बसली होती.

"मला एकाचे दोन दिसतात," ती म्हणाली.

अण्णांनी तिच्यासमोर बोट धरून डावीकडे नेलं. डावा डोळा मध्येच अडकून राहिला.

"अक्का, स्वल्प हनुवटी छातीला टेकवा बघू."

तिला मान वाकवताच येईना. ती कळवळली.

"ताप येतो?"

"रोज संध्याकाळी. आज सकाळी दोनदा उलटीही झाली."

"पित्त आहे ते," पद्माकर म्हणाला. "डॉक्टरांनीच सांगितलंय."

"पित्ताने मान ताठत नाही, साहेब. काचा मी बदलणार नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात चला."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. म्हणून तर डॉक्टरकडे चला म्हणतोय."

अण्णांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि दोघांना घेऊन ते टांग्यात बसले. इस्पितळात तपासणीची वेळ संपली होती, उद्या या म्हणाले. अण्णा दारातून हलले नाहीत. शेवटी एक तरुण डॉक्टर बाहेर आले. अण्णांनी त्यांना सांगितलं: तीन आठवड्यांची डोकेदुखी, संध्याकाळचा ताप, उलट्या, ताठलेली मान, न वळणारा डोळा. डॉक्टरांनी शुभदाला लगेच आत घेतलं आणि तिच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायला दिलं.

मेंदूच्या आवरणाला क्षयाची लागण झाली होती.

"आणखी आठवडा गेला असता तर शुद्ध हरपली असती," डॉक्टर पद्माकरला म्हणाले. "कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं तुम्हाला?"

पद्माकर खाली मान घालून म्हणाला, "चष्मेवाल्यांनी."

इंजेक्शनं कित्येक महिने चालली. दर रविवारी अण्णा बायकोच्या, कावेरीच्या, हातचं हुळी-अन्न, म्हणजे सांबार-भात, घेऊन इस्पितळात जात. उन्हाळ्यात शुभदा स्वतःच्या पायांनी घरी गेली. या दुखण्यात तिला एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, पण डोळा सरळ झाला. पद्माकर दुकानात येऊन अण्णांच्या पाया पडला. अण्णा इतके गांगरले की हातातली काच खाली पडून फुटली.

पुढे वर्षभराने इस्पितळातले ते डॉक्टर स्वतःचा चष्मा करायला आले. चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "त्या बाईंचं दुखणं आमच्या आधी यांनी ओळखलं."

अण्णा नुसतं "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणत काच पुसत राहिले. घरी जेवताना मात्र त्यांनी कावेरीला ते वाक्य दोनदा ऐकवलं. दुसऱ्या वेळीही, जणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी, ती वाढायची थांबली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.