दोरबाचा खोकला

दोरबाला खऱ्या नावाने हाक मारणारं नाट्यगृहात आता कुणी उरलं नव्हतं. पडद्याचा दोर ओढून हातांना घट्टे पडले आणि दोर नावालाही चिकटला. त्याचं शास्त्र एकच. शेवटच्या प्रवेशात पहिला खोकला आला, की पडदा टाकायचा. "माणूस नाटकात बुडालेला असतो तोवर खोकत नाही," तो सांगे. "खोकला, म्हणजे गडी मनातल्या मनात चपला शोधायला लागला." एकदा मरणाऱ्या राजालाच ठसका लागला आणि दोरबाने पडदा सोडला. राजा मेला की वाचला, हे प्रेक्षकांना आजतागायत कळलेलं नाही.

यंदा त्याच्या लेकीला काम मिळालं होतं. इतकी वर्षं मंडळाच्या कपड्यांना बटणं लावणारी पोर यंदा दासी झाली होती. नाटकभर तबक घेऊन उभं राहायचं आणि शेवटी एकटीने पुढे येऊन एक वाक्य बोलायचं.

"याला भरतवाक्य म्हणतात," दिग्दर्शक बाईंनी तालमीत सांगितलं होतं. "कुणी म्हणतं, जुन्या भरतमुनींच्या नावावरून, कुणी म्हणतं, भरत म्हणजे साधा नट. मला दुसरं पटतं. खेळ संपला की राजा राजा राहत नाही, दासी दासी राहत नाही. उरतो तो नट. तो पुढे येतो, सगळ्यांचं भलं मागतो आणि गप्प बसतो."

यातलं 'गप्प बसतो' तेवढं मंडळाच्या अध्यक्षांच्या कानात शिरलं नाही. माईक दिसला की अध्यक्ष गुळाच्या ढेपेला मुंगळा चिकटावा तसे चिकटत. प्रयोगाच्या दिवशी ते रंगपटात आले.

"पोरीचं वाक्य काढा. समारोप मी करणार."

लेकीने रंगवलेलं तोंड आरशाकडे फिरवलं.

"साहेब, एकच तर वाक्य आहे तिला," दोरबा म्हणाला.

"मग एका वाक्याने काय आभाळ कोसळतंय? आणि माझं संपायच्या आत दोराला हात लावलास, तर उद्या दुसरा माणूस बघेन."

दोर सोडला तर दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. अध्यक्ष गेल्यावर तो लेकीला म्हणाला, "नाटक संपलं की पडदा पडतो त्याच्या पुढे जाऊन उभी राहा. अगदी कडेला."

"कशाला? वाक्य तर गेलं, बाबा."

"उभी राहा म्हटलं ना, कारटे!"

नाटक संपलं. अध्यक्ष राजाच्या सिंहासनाला टेकून बोलू लागले. कलेबद्दल बोलले, स्वतःबद्दल बोलले, मग कलेने त्यांच्यासाठी काय केलं त्याबद्दल बोलले. दोरबा कान टवकारून उभा. पण खोकणार कोण? निम्मी मंडळी पेंगत होती, उरलेली भिडेपोटी गप्प. कडेला लेकीचे ओठ हलत होते. गेलेलं वाक्य ती आपली घोकतच होती.

तेवढ्यात खोकला आला. पडदा धाडकन खाली. आतून अध्यक्षांचा आवाज गोधडीत तोंड खुपसून भांडल्यासारखा येत राहिला.

दिव्यात एकटी लेक. आणि इतकं घोकलेलं वाक्य नेमकं पसार!

"मंडळी, तुमचं भलं होवो," ती कशीबशी म्हणाली. "नीट घरी जा. बाहेरची शेवटची पायरी डुगडुगतेय, तिच्यावर पाय देऊ नका." आणि गप्प बसली.

पेंगणारेसुद्धा जागे होऊन टाळ्या पिटू लागले.

"वाक्य हे नव्हतं," विंगेत बाई पुटपुटल्या. "पण काम तेच झालं."

अध्यक्ष पडद्यातून धडपडत बाहेर आले. "पडदा का टाकलास?"

"खोकला आला, साहेब."

"कुणाला?"

"मला."

"उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" म्हणत अध्यक्ष तरातरा बाहेर निघाले. दोरबा हात जोडत मागोमाग.

पडद्याआड असल्यामुळे लेकीचा समारोप काही त्यांच्या कानावर पडला नव्हता. शेवटच्या पायरीने त्यांना बरोबर हिसका दिला. तोंडावर आपटणार, तोच घट्टे पडलेल्या दोन हातांनी त्यांना वरच्या वर धरलं.

अध्यक्षांनी धोतरबितर नसल्याने पँटच झटकली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"उद्या वेळेवर ये," ते म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका वाक्यात थांबले.