तुम्हाला काही विचारायचंय?

मुलाखत संपत आली की सगळेच विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" आणि खरंच काही विचारलं की चेहरे उतरतात. कंपनी बंद पडून माझी नोकरी गेली, तेव्हा या प्रकाराने मला अक्षरशः वात आणला. वाशीत एकाला शनिवारचं विचारलं, तर म्हणे, "मॅडम, तुम्हाला सुट्टीतच इंटरेस्ट दिसतोय." घरी बाबा वैतागायचे. "अगं, तिथे उत्तरं द्यायला जातात. तू उलटतपासणी घेतेस."

शिरवण्याजवळ एमआयडीसीतल्या एका कंपनीत एक्स्पोर्टचे कागद सांभाळायचं काम होतं. माझं नेहमीचंच. मॅनेजर गोड बोलत होते. "आम्ही इथे सगळे फॅमिलीसारखे."

"आधी या कामावर कोण होतं?"

"होत्या एक मॅडम. पर्सनल रीझनने सोडलं."

"कसलं रीझन?"

"पर्सनल म्हटलं ना!"

आता आणखी खोदण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "मग बसायची जागा तरी दाखवा."

नाइलाजाने ते उठले. आतल्या हॉलमध्ये खिडकीजवळचं टेबल दाखवलं. तिथे माझ्याच वयाची एक बाई फोनवर कस्टमच्या एजंटशी भांडत होती. शेजारी अर्धा खाल्लेला डबा तसाच उघडा.

"ह्या कोण?"

त्यांनी आवाज खाली आणला. "त्याच त्या. अजून सांगितलं नाहीये. तुमचं फायनल झालं की सांगू."

माझं डोकंच फिरलं. "मग आधी त्यांना सांगा," मी चांगली मोठ्याने म्हणाले. बाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. मॅनेजरांनी मला जवळजवळ ढकलतच बाहेर आणलं. "असं बोलतात का ऑफिसमध्ये?" उलट मलाच!

घरी सगळं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "बरं केलंस." पण लगेच, "आता पुढचा इंटरव्ह्यू कधी?"

शेवटी वाशीतल्या एका छोट्या ऑफिसात जमलं. तिथल्या मालकीणबाईंनाही मी तेच विचारलं, आधीच्यांनी का सोडलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्यामुळे. मी फार ओरडते. चालेल?"

दुसऱ्या दिवशी मी रुजू झाले. बाई खरंच फार ओरडतात.