भागरताचं मुसळ

तुमच्या या पानावर लोक लिहितात, वडावर बाई दिसली, विहिरीतून आवाज आला. मला खोटं वाटतं. मी जन्मभर जंगलखात्याच्या कूपात झाडं तोडली. वाघ पाहिला, अस्वल पाहिलं, भूत एकही नाही. गावात एकीच्या अंगात यायचं, तिला मी तोंडावर म्हटलं होतं – बाई, आधी चुलीवरचं उतू चाललं ते पाहा. असा माणूस मी. तरी हे माझ्याच अंगणात झालं... माझी बायको भागरता यंदा पोळ्यानंतर गेली, म्हणून आता लिहितो.

महाराष्ट्र व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जिल्हा तेव्हा चांदा, गडचिरोली त्यातच. आमचं गाव नागभीडपासून दोन कोस, तलावाच्या पाळीखाली तीसेक घरं. आम्हाला एकच पोरगी, शेवंता, नऊ वर्षांची. चालता चालता पडायची. ओठ निळे, डोळे पांढरे. मग आपोआप उठायची आणि आम्हालाच विचारायची, "काय झालं, माय?" नागभीडच्या डॉक्टरांनी नाडी धरली. मिनिटाला तीस. म्हणाले, "काळीज फार हळू चालतं हिचं. औषध देतो, पण..."

तेव्हा धान घरीच कांडायचे. त्या वर्षी नागभीडला धानाची गिरणी सुरू झाली. बायकोच्या हातांना आराम म्हणून मी सगळं धान बैलबंडीत टाकून गिरणीवर नेलं, तांदूळ करून आणले. मोठं शहाणपण केलं असं वाटलं. त्या आठवड्यात शेवंता रोज पडली. एका दिवशी तर तीनदा.

चौथ्या दिवशी पाहतो तर भागरता उखळात नुसता कोंडा टाकून मुसळ हाणून राह्यली.

"पागल झाली काय?"

"मी कांडतो तवा शेवंता पडत नाई. तुमाले दिसत नाई काय?"

"मुसळानं काळीज चालते काय? मंग जातंबी फिरव, पोरगी पळत नागपूरले जाईन!"

ती हसली नाही. मुसळ थांबलं नाही. आणि पोरगी खरंच पडली नाही.

गावानं मजा घेतली. शेजारची काशीबाई टोपलंभर धान आणून ओतायची – "घे बाई, फुकटची गिरणी हाय त आमचंबी होऊन जाऊ दे." पण थट्टा करता करता त्याच बायकांनी त्या उखळाला धान कमी पडू दिलं नाही, हेही लिहितो.

एकदा डॉक्टर दुसऱ्या रोग्यासाठी सायकलनं गावात आले. मी त्यांना घरी आणलं, म्हटलं, या बाईला समजावा. त्यांनी शेवंताचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. भागरता कांडत होती. नाडी पन्नासच्या वर. म्हणाले, "थांबा जरा." ती थांबली. हळूहळू नाडी तीसवर आली. "मारा आता." परत वर. "हळू मारा." नाडीही हळू. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, बंद पडलं काय म्हणून. मग खाटेवर बसले आणि पाणी मागितलं.

जाताना म्हणाले, "परदेशात एका माणसाच्या कातडीखाली विजेची पेटी बसवली, असं वाचलं. काळजाला ठोका देते. उद्या लेकरांनाही बसवतील. पण इकडं यायला वर्षं लागतील."

भागरता म्हणाली, "तवर मी आहो ना."

पूस महिन्यात पोरीला ताप आला आणि काळीज एकदम बसायला लागलं. भागरता सकाळी कांडायला उभी राहिली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. हाताला फोड, त्यावर चिंध्या. तिचे पाय लटपटले तेव्हा मी मुसळ हिसकलं. "सर बाजूले. कुऱ्हाडीचा हात हाय माहा."

"माह्याच चालीनं मारा," म्हणाली आणि भिंतीला टेकली तशी झोपलीच.

मी तिच्याच चालीनं मारलं. झाडं तोडणाऱ्याचा ठोका चुकत नाही. काशीबाई पोरीच्या छातीवर हात ठेवून बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "भाऊ... काळीज तुमच्या संगं येऊन नाई राह्यलं." मी जोर केला. जरा हळू केलं. परत जोर केला. "भाऊ, तिले उठवा!" मी उठवलं नाही लगेच. वाटलं, दोन दिवसांनी डोळा लागला हिचा, आता लागेलच ठोका... मग काशीबाईच ओरडली. भागरता उठून मुसळाला हात घालेपर्यंत शेवंता गेली होती.

डॉक्टर म्हणाले, ते काळीज तसंही थांबणार होतं. असेल. मग इतके दिवस ते कशावर चाललं? मुसळ तेच, उखळ तेच, चाल तीच. काळीज तिच्या हातासोबत चाललं, माझ्या हातासोबत नाही. काऊन? त्यांना सांगता आलं नाही. मलाही नाही.

भागरतानं त्या दिवसाबद्दल कधी शब्द काढला नाही. गिरणीचे तांदूळ शिजवले, खाल्ले.

यंदा तिला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. बाजूच्या खाटेवर दहाएक वर्षांची पोरगी, गळ्याच्या हाडाखाली काडीपेटीएवढा उंचवटा. नर्स म्हणाली, "पेसमेकर आहे, बाबा. काळीज हळू झालं की ठोका देतो." पोरगी पाय हलवत बिस्किट खात होती. तिची माय खाली सतरंजीवर, भरदुपारी, तोंड उघडं टाकून घोरत होती. भागरतानं पोरीकडं एकदा पाहिलं. त्या मायकडं मात्र कितीतरी वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली, "कशी झोपली, पाहा."

चार दिवसांनी ती गेली. त्या बोलण्यात तिनं मला माफ केलं होतं की तिला झोपू दिल्याचा दोष दिला होता, तेही मला उमगलं नाही.