मण्याएवढी ढील

चष्म्याचा नंबर वाढवून घेतल्यानंतरही काळ्या मण्याचे भोक गौतमीबाईंना दिसेनासे झाले, त्या हिवाळ्यातली ही हकिगत. पांढऱ्या मण्याचे भोक अजून दिसे, कारण त्यात सावली पडते. काळ्यात मात्र सगळेच काळे. सुई पुढे करावी, ती मण्याच्या पाठीवरून घसरावी, पुन्हा पुढे करावी, आणि अखेर शेजारी बसलेल्या चांगुणाबाईंकडे सरकवून म्हणावे, "एवढे ओवून द्या हो." शिकवणारीने शिकणारीच्या हाती सुई द्यावी यात कमीपणा काही नाही, असे त्या स्वतःला बजावीत. ते त्यांना पटत नसे.

गौतमीबाई मराठीच्या एम.ए., वर बी.एड. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी दौंड तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत घालवली. आज ना उद्या अनुदान येईल, या एका आशेवर ती संस्था शिक्षकांना राबवीत होती. अनुदान आले तेव्हा संस्थाचालकांची सून नेमकी त्याच विषयाची पदवीधर निघाली. मग निवेदने झाली, सुनावण्या झाल्या, 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' अशी उत्तरे आली, आणि ती कार्यवाही कुठल्याशा कपाटात जाऊन विसावली. शाळेतून त्यांनी बरोबर आणली ती एकच गोष्ट: कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिकवता शिकवता हाताला जडलेले मणीकाम. त्याच्याच जोरावर एका प्रशिक्षण योजनेत त्यांना काम मिळाले होते. केडगावहून वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बसायचे, नदीचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याला उतरायचे, आणि समाजमंदिराच्या मागच्या खोलीत गावातल्या बायकांना माळा ओवायला शिकवायच्या.

योजनेने साहित्याची एक पेटी दिली होती. ती ज्यांनी ठरवली, त्यांनी जन्मात एकही माळ ओवली नसावी. कात्री दोरा कापण्याऐवजी चावीत असे. मणी स्वस्त प्लास्टिकचे, भोकाच्या कडेला साच्याची धार तशीच राहिलेली. त्या धारेवर कोणताही दोरा महिनाभरही तग धरणार नाही. तक्रार करावी, तर पेटी मिळाल्याची सही आधीच घेतलेली. गौतमीबाईंनी पहिल्याच दिवशी ती कोपऱ्यात सरकवली आणि खरे काय लागते ते सांगितले. घरातले स्टीलचे ताट आणि त्यात अंथरलेला जुना टॉवेल, म्हणजे मणी पळत नाहीत. चांगल्या नायलॉनचे रीळ. केसासारखी बारीक, वाकणारी सुई. ती नसेल, तर दोऱ्याच्या टोकाला नेलपॉलिश लावून वाळवावे, टोकच सुईसारखे ताठ होते. चपट्या चोचीच्या दोन पक्कडी. ओवण्याआधी मणी ताटात पसरून वाकडे, फुटके, बंद भोकाचे वेगळे काढायचे. माळेचे माप फूटपट्टीने न घेता जिच्या गळ्यात ती पडायची, तिच्याच गळ्याभोवती दोरा धरून घ्यायचे.

"आणि ही कडी," दोन पक्कडींत एक बारीक कडी धरून त्या म्हणाल्या होत्या, "उघडताना टोकं लांब ओढायची नाहीत. एक टोक पुढं, एक मागं, अशी वळवायची. ओढलेली कडी पुन्हा नीट मिटत नाही."

"म्हंजी नवऱ्यावानी," चांगुणाबाई म्हणाल्या. "वढला का बिघडला. वळवायचा."

चांगुणाबाई समाजमंदिरामागच्या वस्तीतल्या. नवरा कधीच गेला होता, आणि कांद्याच्या वखारीवर गोण्या शिवून त्यांनी पोरे वाढवली होती. वर्गात त्या शिकण्यापेक्षा बसायला मिळते म्हणून येत, आणि तसे सांगतही.

सगळ्यांत अवघड गेला तो शेवटचा नियम. ओवून झाले की गाठ मारण्याआधी एका मण्याएवढी ढील सोडायची. माळ गळ्याभोवती वळते, मण्यांना वळायला जागा लागते. ती नसेल तर माळ छडीसारखी ताठ राहते आणि दोरा आतल्या आत ताण खाऊन एक दिवस जातो. साधी गोष्ट. पण गोण्यांची तोंडे सुतळीने करकचून आवळणाऱ्या हातांना ढील म्हणजे कामचुकारपणा वाटे. बाया मान हलवीत आणि जोर लावून दोरा ओढीत. गौतमीबाई गाठी सोडवीत आणि पुन्हा सांगत. वर्गात त्यांनी दुसरे काही केले असेल, तर ते याच्या मानाने थोडेच.

एकीला मात्र एकदाच सांगावे लागले. ती स्नेहल. गावातल्या बागायतदार घराची सून, पोरवयाची, सोसायटीच्या निवडणुकीत ज्यांच्या ओट्यावर बैठका बसतात त्या घरातली. नवरा विक्रम रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जाई. वरच्या आळीची सून समाजमंदिरात येऊन चटईवर बसते, याची गावात चर्चा झाली. सासू साळूबाईंनी तिला येऊ दिले ते सर्टिफिकेट मिळते म्हणून. स्नेहलच्या बोटांत ती अचूक सैलता होती, जी शिकवून येत नाही. तिने गाठ मारली की माळ ताटात पाण्यासारखी पसरे.

म्हणून गौतमीबाईंनी मनाशी ठरवून टाकले होते: पुढची तुकडी स्नेहलने घ्यायची. तसे त्यांनी तिला सांगितलेही होते, आणि ती लाजून हो म्हणाली होती. डोळे जात होते, जीपचे धक्के कमरेला सोसत नव्हते, आणि नव्या शिक्षिकेला योजना या गावापर्यंत पाठवणार नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. स्नेहलने वर्ग धरला तर तो चालेल. नाहीतर खोलीला कुलूप लागेल आणि या बाया पुन्हा वखारीवर जातील. आयुष्यात बंद पडलेल्या गोष्टी गौतमीबाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. हिची भर त्यात पडू नये, एवढीच आता त्यांची इच्छा उरली होती.

आणि एका सोमवारी स्नेहल आली नाही. गुरुवारीही आली नाही.

"येनार न्हाई ती," चांगुणाबाईंनी बातमी दिली. "साळूबाईची पोत तिनं ओवून दिली व्हती घरी. कवठे येमाईला साखरपुडा व्हता, तिथं भर पंगतीत वाढली. मनी कुनाच्या ताटात, कुनाच्या वाटीत. आता म्हातारी म्हनती, त्या वर्गात काय शिकवत्यात कुनास ठाऊक."

सौभाग्याचे लेणे तुटले असे कोणी म्हणत नाही, वाढले म्हणतात. चांगुणाबाईंच्या गळ्यात आता काळा मणी नव्हता, पण 'वाढली' हाच शब्द त्यांनी वापरला होता. गौतमीबाईंनी तर लग्नातही काळी पोत घातली नव्हती. पांढरी वस्त्रे, बुद्धवंदना आणि सही, एवढ्यावर त्यांचे लग्न लागले होते. दुसऱ्याच्या गळ्यातल्या पोतीसाठी आपला वर्ग बुडावा, याचे त्यांना नवल वाटले नाही. फक्त दमल्यासारखे झाले. ताटे आवरून त्या वरच्या आळीकडे निघाल्या.

साळूबाई पडवीत बसल्या होत्या. गळ्यात पिवळ्या दोऱ्यात बांधलेले हळकुंड, पोत परत ओवली जाईपर्यंत गळा रिकामा नको म्हणून. पुढ्यात पितळी वाटीत काळे मणी, त्यावर दोन सोन्याच्या वाट्या आणि हळदीकुंकवाची बोटे.

"या बाई. बसा," त्या म्हणाल्या. "बरं झालं आलात. तुमच्या वर्गात शिकली आन् माझ्याच गळ्यावर परीक्षा दिली."

"ऐकलं मी."

"समदं न्हाई ऐकलं. वाकले वाढायला, तर मनी विहीनबाईच्या आमटीत. आमटीतनं मनी वेचले मी, बाई. ह्या वयात."

स्नेहल चहा घेऊन आली. चहा कागदी कपात होता. कपाटाच्या काचेतून फुलाफुलांच्या कपबश्या नीट दिसत होत्या. तेवढे गौतमीबाईंना चष्म्यातून अजून दिसे. त्यांनी कप घेतला आणि बाजूला ठेवला.

"दोरा कुठं तुटला ते बघू."

"वाढला म्हना."

"बरं. वाढला कुठं, ते बघू."

साळूबाईंनी पदराच्या गाठीतून तो दोरा काढून दिला. गौतमीबाईंना टोक दिसत नव्हते. त्यांनी ते बोटांवरून फिरवले, मग खालच्या ओठावरून. मण्याच्या धारेने कापलेला दोरा चपटा आणि बोथट लागतो. घासून झिजलेला केसाळ लागतो. हे टोक बारीक बारीक होत जाऊन सुईसारखे संपले होते. ताणून ताणून गेलेला दोरा. वर्गातली सगळ्यांत पहिली चूक, आणि ती एकदाही न केलेल्या मुलीच्या हातची.

"स्नेहल, ढील सोडली नव्हतीस?"

स्नेहल खांबाला टेकून उभी होती. तिने सासूकडे पाहिले, मग जमिनीकडे. "सोडली व्हती, मॅडम."

"मग हे काय?"

अखेर साळूबाईच म्हणाल्या, "सोडली व्हती तिनं. मी घालून बघितली तर मानंपाशी उघडा दोरा. आमच्या सासूबाईंनी मला पहिल्या दिसापासनं सांगितलंय, सवाष्णीच्या पोतीत दोरा दिसता कामा न्हाई. मनी मन्याला भिडलेला पायजे. मी म्हनलं, वढ. तिनं वढला. मी म्हनलं, अजून वढ."

"तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं की. पन मी काय सुनंचं ऐकून पोत घालू?"

त्या हसल्या नाहीत, पण आवाजातला ताठा थोडा उतरला होता. मग त्या बाहेरच्या रस्त्याकडे पाहू लागल्या. गौतमीबाईंना एका वाक्यात हा हिशोब मिटवता आला असता. पंगतीत जे झाले ते कोणाच्या हट्टाने, हे आता पडवीत सगळ्यांना कळले होते. पण बरोबर ठरण्याचा त्यांना आयुष्यात कधी उपयोग झालेला नव्हता. प्रत्येक सुनावणीत त्या बरोबरच ठरल्या होत्या.

"ताट आण, टॉवेल आण," त्या स्नेहलला म्हणाल्या. "आणि साळूबाई, तुम्ही हे टोक धरा."

"मी?"

"कोणीतरी धरावं लागतं. मला दिसत नाही."

स्नेहल ओवायला बसली. दुपदरी पोत, मधे वाट्या, दोन्ही बाजूंना सोन्याचे मणी. शेवटच्या मण्यावर ती थांबली आणि तिने गौतमीबाईंकडे पाहिले.

"ताणू नकोस. साळूबाई, पोत गळ्यापाशी धरा. आता मान वाकवा, पंगतीत वाकलात तशी. दोरा बोटात ओढला गेला का?"

"व्हय."

"तेवढी ढील त्याला लागते. ती दिली नाही, तर तो स्वतःच ताणून घेतो."

साळूबाईंनी पुन्हा एकदा मान वाकवून पाहिली. वाट्यांच्या वजनाने मणी खाली उतरतात, म्हणून ढील नेहमी मानेमागे गोळा होते, हे गौतमीबाईंनी समजावून सांगितले. मागच्या गाठीच्या दोन्ही अंगांना काळ्या रेशमाचे वेढे सैलसर गुंडाळले, तर मोकळा दोरा त्यांखाली झाकला जातो. स्नेहलने तसे केले. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब ठेवला, वाळू दिला, आणि पोत सासूच्या गळ्यात घातली. साळूबाईंनी मानेमागे बोट फिरवून दोरा शोधला. तो बोटाला लागला नाही. मग त्यांनी गळ्यातले हळकुंड सोडून कपाळाला लावले.

"येऊ द्या तिला वर्गाला," गौतमीबाई म्हणाल्या. "पुढं तिनंच तो चालवायचा आहे."

"चालवू दे की," साळूबाई म्हणाल्या. "पन हितं. पडवी केवढी हाय बघा. सून घरात ऱ्हाईल, लोकाच्या तोंडाला बी कुलूप."

"आणि चांगुणाबाई, बाकीच्या बाया?"

"त्यांना कोन नको म्हनतंय. अंगनात सावली हाय."

हे त्यांनी अगदी सहज म्हटले, पाहुणचार केल्यासारखे. अशा वाक्यांना द्यायची उत्तरे गौतमीबाईंकडे एवढ्या वर्षांत पुष्कळ साठली होती, चांगली बांधीव, आधारासह. त्यांतले एकही उचलून पुढे ठेवण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते. स्नेहल ताटातले उरलेले मणी एकेक करून वाटीत टाकीत होती, आणि मान वर करीत नव्हती.

"ताटं, टॉवेल, पक्कडी, सगळं समाजमंदिरात आहे," त्या उठता उठता म्हणाल्या. "वर्ग तिथंच भरेल. स्नेहलला यायचं असेल तर तिनं यावं."

कागदी कपातला चहा तसाच राहिला.

पुढच्या सोमवारी त्या जीपमधून उतरल्या, त्या वर्ग बंद करण्याचा अर्ज मनात जुळवीतच. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपर्यंत तो आला होता. खोलीत चांगुणाबाई आणि वस्तीतल्या बाया ताटे मांडून बसल्या होत्या. स्नेहलची जागा रिकामी होती. गौतमीबाईंनी काळे मणी काढले, सुई हातात घेतली, ती घसरली, आणि त्यांनी ती चांगुणाबाईंकडे सरकवली.

बऱ्याच वेळाने दारात चपला वाजल्या. स्नेहल आत आली, चटईवर बसली आणि ताट पुढे ओढले. तिच्यामागे कोणी आत आले नाही. चांगुणाबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिले.

"सासू बी आलीय," त्या हळूच म्हणाल्या. "बाहेर लिंबाखाली हुबी हाय."

"खुर्ची नेऊन द्या."

चांगुणाबाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेल्या आणि ती लिंबाखाली ठेवून परत आल्या.

"बसल्या का?"

"खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलाय. बसल्या न्हाईत अजून."

खिडकीजवळची उजेडाची जागा गौतमीबाईंनी स्नेहलला दिली आणि आपण शिकणाऱ्या बायांच्या रांगेत भिंतीला टेकल्या. कमरेला बरे वाटले. स्नेहलने एक माळ उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली, मण्यांमधली मोकळी जागा नखाने दाखवली आणि म्हणाली, "हितं वढायचं न्हाई. कुनी बी सांगितलं तरी वढायचं न्हाई."

"सासूनं सांगितलं तर?" चांगुणाबाईंनी विचारले. बाया पदरात हसल्या. स्नेहलही खाली पाहून हसत होती.

बाहेरून हाक आली. "स्नेहल, आटप. धारा काढायच्या हायत."

"येते, आत्या," ती मान वर न करता म्हणाली. "गाठ ऱ्हायलीय."